सोमवारचं रीडिंग

सर,

तुम्ही गेल्याला आज बारा दिवस झाले. पुढच्या शनिवारी कॉलेजच्या सभागृहात शोकसभा आहे आणि विभागप्रमुखांनी पुस्तिकेसाठी माझ्याकडून दोन पानं मागितली आहेत. "मॅडम, टेक्निकल नको. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे," असं त्यांनी बजावून सांगितलंय. मी तीनदा लिहायला बसले. तिन्ही वेळा चौथ्या ओळीपासून तुमच्याशी भांडायला लागले आणि कागद फाडला. शेवटी ठरवलं, पुस्तिकेचं नंतर बघू, आधी आपलं भांडण पुरं करू. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुमची सवय जुनीच. पण या वेळी तुम्ही फारच लांब गेलात.

पहिली गोष्ट अशी की लॅबच्या दारावर तुमच्या नावाची पाटी लागणार आहे. पाटीवर तुमचा फोटो आहे, आणि फोटोखाली आपला तो आकडा. हो, तोच. ज्याच्यामुळे तुमचं नाव परदेशातल्या पुस्तकांत गेलं आणि माझ्या नावामागे डॉक्टर लागलं. पेंटरनं नमुना करून आणलाय. विभागप्रमुखांनी तो मला कौतुकानं दाखवला. मी "छान आहे" म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तो आकडा चूक आहे, सर. तीन आठवडे हे आपल्या दोघांना माहीत होतं. आता कॉलेजात मला एकटीलाच माहीत आहे. आणि हे असं एकटीनं माहीत असणं मला झेपत नाही, खरं सांगते.

माझ्या टेबलाच्या खणात ते पत्र आहे. ज्या मासिकात आपला शोधनिबंध छापून आला, त्यांना लिहिलेलं. तुमच्या मसुद्यावर माझ्या लाल पेनच्या रेघा, माझ्या रेघांवर तुमच्या निळ्या. शेवटची रेघ कुणाची राहिली, ते तुम्हाला माहीत आहे.

चिडून सुरुवात केली खरी, पण चिडूनच लिहीत राहिले तर तुमच्यावर अन्याय होईल. म्हणून थोडं मागं जाते.

प्रवेशाच्या मुलाखतीत समितीतल्या एकांनी मला विचारलं होतं, "सुजाता कांबळे, वडील काय करतात?" मी म्हणाले, "शिरोळकडं गुऱ्हाळावर असतात. चुलवाणात जाळाला चिपाड घालतात." त्या गृहस्थांनी मान हलवली, ती कशी हलवली ते मी अजून विसरलेले नाही. तुम्ही तोवर खिडकीबाहेर बघत होता. वळून म्हणालात, "म्हणजे हिला उष्णता शिकवायला लागणार नाही. पुढचा प्रश्न विचारा." एवढंच. त्या एका वाक्यावर मी तुमच्याकडे अकरा वर्षं काढली, आधी विद्यार्थिनी म्हणून आणि मग शेजारच्या केबिनमध्ये.

नंतर तुम्ही स्वतः त्या गुऱ्हाळावर आलात. धुराड्यातून किती उष्णता वाया जाते ते मोजायला. माझे वडील घामेघूम होऊन जाळासमोर बसलेले आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून हातात तार आणि मीटर घेऊन उभे.

"पावणं, जाळ मोजून काय करायचं हाय?" वडिलांनी विचारलं.

"वीज करायची हाय, मामा. जो वाया जातोय त्याची."

"वाया कुठं जातोय? थंडीत आम्ही धुराड्याला पाठ लावून बसतोय की."

तुम्ही इतके हसलात की मीटर खाली पडला. मग वहीत गंभीरपणे लिहिलंत, "वाया जाणारी उष्णता : माणसं बसतात." ती वही माझ्याकडे आहे. ती मी कुणाला देणार नाही.

आपलं काम काय होतं, हे मी वडिलांना तुमच्याच शब्दांत सांगायची. एक बाजू तापलेली आणि दुसरी गार असली, तर काही पदार्थांतून आपोआप वीज वाहते. पण ती वाहत राहायची तर उष्णता एकीकडून दुसरीकडे लगेच जाता कामा नये, नाहीतर दोन्ही बाजू सारख्याच गरम आणि वीज बंद. म्हणजे पदार्थ असा हवा की विजेला वाट मोकळी आणि उष्णतेची अडवणूक. आपण तो काचेवर थर देऊन बनवत होतो. केसाच्या हजाराव्या भागाएवढा पातळ थर, त्याला लॅबमध्ये सगळे फिल्म म्हणतात. एवढ्या अरुंद जागेत उष्णता भिंतींवर आपटून माघारी फिरते, असं तुम्ही शिकवायचात. ते खरंच आहे. तुमचं ते सगळं खरंच आहे, सर. चुकलं ते मोजताना.

मोजायची पद्धत तशी साधी. फिल्मवर धातूची बारीक पट्टी बसवायची, तिच्यातून वीज सोडायची, पट्टी तापते. लवकर निवली तर फिल्ममधून उष्णता भराभर निघून जातेय. तापलेलीच राहिली तर फिल्म उष्णता अडवतेय. आकडा म्हणजे फिल्ममधून किती उष्णता निसटते ते; जितका खाली तितका चांगला, म्हणून आपल्याला तापलेली पट्टी हवी होती.

आणि ती फक्त सोमवारी मिळायची. कोल्हापूरच्या बाहेर कुणाला हे सांगितलं तर हसतील. पण कॉलेजच्या भिंतीपलीकडे फाउंड्र्या आणि फोर्जिंगचे हातोडे, दिवसभर धाड धाड चाललेलं, कपातल्या चहावर वर्तुळं उठायची. औद्योगिक वसाहतीला सुट्टी सोमवारची. म्हणून तुम्ही सोमवार पवित्र करून टाकलात. सोमवारी थर देताना लागणारा आपला स्वतःचा व्हॅक्यूम पंपसुद्धा बंद. पंखा बंद, चपला बाहेर, यंत्राला आपल्या अंगाची ऊब लागू नये म्हणून सगळ्यांनी तासभर व्हरांड्यात गप बसायचं. तुम्ही पायरीवर, मी खांबाला टेकून आणि पंप सांभाळणारे मारुतीदादा तंबाखू मळत. लागणारी सँपल मारुतीदादा आणि मी शनिवारी संध्याकाळीच तयार करून बरणीत ठेवायचो.

इतर दिवशी सँपल सकाळी करायचं आणि दुपारी मोजायचं. तेव्हा आकडा वर यायचा आणि हलत राहायचा. तुम्ही वहीत त्यापुढे "हातोडा" लिहायचात आणि खाली रेघ मारायचात. सोमवारचा आकडा स्थिर आणि खाली, इतका खाली की जगात तोवर कुणाला मिळाला नव्हता. त्या पहिल्या सोमवारी तुम्ही बाहेर गेलात, चपला न घालताच मैदानाला एक फेरी मारून आलात आणि मला म्हणालात, "कांबळे, परत मोज." मी सात सोमवार मोजलं. सातही वेळा तेच आलं. आपण किती काळजी घेतोय याचा मला इतका अभिमान होता म्हणून सांगू!

मग ऋतुजा आली, पीएच.डी. करायला.

पोरगी हुशार, पण गडहिंग्लजची. रविवारच्या बाजारात तिच्या आईचं भांड्यांचं दुकान लागतं आणि आईला एकटीला ते उरकत नाही. त्यामुळे ती शनिवारी दुपारी एसटी पकडायची आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत यायची. तिचं सँपल शनिवारी कसं होणार? ती सोमवारी सकाळी आल्या आल्या पंप लावायची, सँपल करायची, पंप बंद करायची आणि तुमच्या वेळेला मोजायला बसायची. तिला आपला आकडा कधी मिळाला नाही. एकदासुद्धा नाही. दोन वर्षं, सर.

"सोमवारी पंप लावलास, आता यंत्र दिवसभर थरथरणार," तुम्ही तिला म्हणायचात. नंतर नंतर चेष्टा सुरू झाली. "गडहिंग्लजची गाडी आणि तुझं सँपल, दोन्हीचा भरवसा न्हाय." सगळे हसायचे. मी पण हसायचे. हसत नसे तेव्हा शहाणपण शिकवायचे. मी तिला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "हे काम हातात असावं लागतं गं. सगळ्यांच्या हातात नसतं." हे मी बोलले आहे. तुम्ही नाही. तिनं त्यानंतर माझ्यासमोर हात टेबलाखाली ठेवायला सुरुवात केली होती, आणि मला ते दिसत होतं.

चूक सापडली ती काही माझ्या बुद्धीमुळे नाही. ऋतुजाची प्रगती समितीपुढे ठेवायची होती आणि तिच्याबद्दल "अपेक्षित कौशल्य नाही" असं लिहायला तुम्ही मला सांगितलं. एवढं लिहायचं तर पुराव्यानिशी लिहावं, म्हणून मी तिच्या आणि माझ्या वह्या शेजारी ठेवल्या. तिच्या वहीत सगळ्या सोमवारी एकच आकडा होता. वरचा, पण स्थिर. जराही हलत नव्हता. हात वाईट असता तर आकडा नाचला असता. मी कितीतरी वेळ त्या दोन वह्यांकडे बघत बसले. दोघींचा सोमवार, दोघींचं यंत्र, दोघींची फिल्म. फरक एवढाच होता की माझं सँपल दोन दिवसांचं शिळं होतं आणि तिचं ताजं.

पुढच्या सोमवारी मी स्वतः पंप लावून ताजं सँपल केलं. आकडा वर आला, तिच्यासारखा. तेच सँपल बरणीत ठेवलं आणि बुधवारी काढलं. भिंतीपलीकडे हातोडे धडधडत होते, आणि आकडा खाली आला. आपला लाडका आकडा. म्हणजे दोन दिवसांत धातूची पट्टी फिल्मवरून किंचित सुटत होती. डोळ्यांना दिसणार नाही एवढीशी फट. उष्णता फिल्मपर्यंत पोचतच नव्हती, आणि आपण म्हणत होतो, फिल्म उष्णता अडवते. अडवत होती ती फट.

तुमच्या केबिनमध्ये मी उभ्यानंच सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. म्हणालात, "चार वेळा कर." मी चार वेळा केलं. तुम्ही म्हणालात, "बुधवारचं रीडिंग मला दाखवू नको. हातोडा हाय." मी म्हणाले, "सर, हातोड्यानं आकडा वर जातो असं तुम्हीच अकरा वर्षं म्हणताय. आता खाली आला तरी हातोडाच?" तुम्ही टेबलावर हात आपटलात. मारुतीदादा दारात चहा घेऊन आले होते, ते तसेच माघारी फिरले. त्यानंतर पाच दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. माझं काय चुकलं होतं, सर?

मला वाटलं, तुम्ही नावासाठी अडून बसलाय. मनात तुम्हाला खूप बोलले मी. कमीपणाचं, वाईट. ते सगळं इथं लिहीत नाही.

सहाव्या दिवशी तुम्ही घरी बोलावलंत. काकूंनी थालीपीठ केलं होतं. तुम्ही माझ्यापुढे कागद सरकवलात. आकडा मागे घेत असल्याचं पत्र, तुमच्या अक्षरातलं. मला रडूच आलं असतं, पण तिसऱ्या ओळीवर अडकले. "सर्व नमुने मी स्वतः तयार केले होते. सहलेखिकेचा त्यात सहभाग नव्हता."

"सर, तुम्हाला कोटिंगचं मशिन चालू करता येत नाही," मी म्हणाले.

"ते त्या मासिकवाल्यांना कुठं म्हाईत हाय?"

"मारुतीदादांना माहीत आहे. मला माहीत आहे."

"कांबळे, तुझी डॉक्टरेट त्या आकड्यावर हाय. प्रमोशनची मुलाखत तोंडावर आल्या. जरा डोकं चालव."

असे दोन आठवडे गेले. तुम्ही ती ओळ लिहायची, मी लाल पेननं खोडायची. आणि मग तो शुक्रवार. सगळे घरी गेले होते, आपण दोघंच लॅबमध्ये. तुम्ही फार शांतपणे म्हणालात, "माझ्यासारख्याकडनं चूक झाली, तर लोकं म्हणत्यात, म्हातारा घसरला. तुझ्याकडनं झाली, तर काय म्हणत्यात ते तुला ठाऊक हाय. टपून बसल्यात. त्यास्नी आयतं देऊ नको."

ठाऊक आहे, सर. त्या समितीतल्या गृहस्थांनी मान कशी हलवली होती ते मी वर लिहिलंच आहे. पण म्हणून मला झाकून ठेवायचं? मी ओरडले तुमच्यावर. म्हणाले, माझ्या हातानं झालेली चूक माझीच आहे, ती सुद्धा तुम्ही माझ्याकडून काढून घेणार का? आकडा बरोबर होता तेव्हा पहिलं नाव माझं होतं. चुकला तेव्हा मी कुठं गेले? मग मी ते वाक्य बोलले. "तुम्ही घाबरलाय."

"व्हय, घाबरलोय," तुम्ही म्हणालात. "तुझ्यासाठी घाबरलोय. माझ्यासाठीबी घाबरलोय. एवढं काम केलं आन् शेवटाला काय, तर फट."

"आणि ऋतुजा? तिला कधी सांगणार? ती अजून स्वतःचे हात वाईट समजतेय."

तुम्ही "बघतो" म्हणालात, ड्रॉवरला कुलूप लावलंत आणि निघून गेलात. मी तुम्हाला दारापर्यंत सोडायलाही आले नाही. रविवारी सकाळी काकूंचा फोन आला.

"बघतो." हे तुमचं मला शेवटचं बोलणं. पोरं सुट्टी मागायला यायची तेव्हा तुम्ही हेच म्हणायचात, आणि त्यातली निम्मी सुट्टी कधी मिळायची नाही. तुम्ही तिला सांगितलं असतंत की नसतंत? गेले बारा दिवस मी हाच प्रश्न घेऊन उठते आणि हाच घेऊन झोपते. सांगितलं असतंत असं धरलं तर मी तुम्हाला शेवटी जे बोलले त्याची लाज वाटते. नसतंत सांगितलं असं धरलं तर तुमची लाज वाटते. दोन्हीतलं काय घेऊन जगायचं?

खोटं कशाला बोलू, चौथ्या की पाचव्या दिवशी मनात असंही आलं, की पत्र फाडलं तर कुणाला काही कळणार नाही. पाटी लागेल, मुलाखत होईल, ऋतुजा दुसरा विषय घेईल. विभागप्रमुखांना मी आडून विचारून पाहिलं, सरांच्या एखाद्या जुन्या निष्कर्षात दुरुस्ती निघाली तर काय करायचं असतं? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मॅडम, माणूस जाऊन पंधरा दिवस नाहीत. वर्षभर तरी थांबा. लोक म्हणतील, गुरू गेल्याबरोबर हिनं तोंड उघडलं." बरोबरच आहे. म्हणतीलच. मी कधीही तोंड उघडलं तरी काहीतरी म्हणतीलच.

दहावं झाल्यावर काकूंकडे गेले. काय विचारायला गेले होते ते माझं मलाच धड माहीत नव्हतं. त्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, फिल्म, फट, पत्र, पाटी. त्यांनी मान वर केली नाही.

"तीन आठवडं ते ताटावर बसायचं आन् भात चिवडायचं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, सुजाताशी भांडण झालंय का? तर म्हणायचं, भांडण न्हाय, ती बरोबर हाय."

"असं म्हणाले?"

"मग काय मी मनानं सांगतीया?" त्या खड्या आवाजात म्हणाल्या. "चूक हाय का त्यात?"

"आहे."

"मग मला कशाला इचारतीस?"

त्यांनी मला जेवून जायला सांगितलं. मी जेवले. तुम्ही माझ्याशी पाच दिवस अबोला धरून बसला होता तेव्हा घरी मी बरोबर आहे असं सांगत होता! एकदा मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं, सर? मी तुमच्याकडून दुसरं काय मागितलं होतं?

इथवर शुक्रवारी लिहून ठेवलं होतं. आता सोमवारची संध्याकाळ आहे.

आज सकाळी मी लॅब उघडली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. ऋतुजा नेहमीच्या गाडीनं आली, दारात चपला काढल्या आणि पंपाकडे न जाता माझ्यासमोर उभी राहिली. मी तिला बसायला सांगितलं आणि पत्र तिच्या हातात दिलं. शनिवारीच मी ते नव्यानं लिहिलं होतं. तुमची तिसरी ओळ काढली. नमुने कुणी केले, कुणी मोजले, चूक कुणाच्या वहीतून सापडली, सगळं जसं झालं तसं लिहिलं. खाली नावं तीन आहेत. पहिलं तिचं, मग माझं, शेवटी तुमचं, आणि तुमच्या नावापुढे तुम्ही हयात नसल्याची खूण.

तिनं ते दोनदा वाचलं. मग तिनं हात वर घेतले, टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मी तिची माफी मागितली. तशी माफी मी आयुष्यात कुणाची मागितली नव्हती. तिनं ती ऐकून घेतली, "असू दे मॅडम" वगैरे काही म्हणाली नाही. बरं केलं.

मग तिनं विचारलं, "सरांना माहीत होतं?"

या प्रश्नाची तयारी मी शुक्रवारपासून करत होते. "नुकतंच कळलं होतं" म्हणता आलं असतं. "खात्री करत होते" म्हणता आलं असतं. दोन्ही तसं खोटं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"होतं," मी म्हणाले. "तीन आठवडे."

तिनं फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरला. तुमचा मेसेज होता. शनिवारी दुपारचा, तुम्ही जायच्या आदल्या दिवशीचा. "सोमवारी नऊला ये. पंप लावू नकोस. तुझ्याशी बोलायचं आहे."

मी तो वाचला. परत वाचला. म्हणजे तुम्ही सांगणार होता. मी शुक्रवारी तुम्हाला इतकं बोलले आणि तुम्ही घरी जाऊन, एक दिवस विचार करून, सांगायचं ठरवलं होतंत. मला त्या क्षणी इतका आनंद झाला, सर, की मी तिचा हातच धरला. म्हणाले, "अगं, ते तुला हेच सांगणार होते!"

"मला वाटलं, काढून टाकायला बोलावलंय," ती म्हणाली.

मी हात सोडला.

"रात्रभर झोप न्हाय मॅडम. आईला सांगितलं बी न्हाय. रविवारी बाजारात बसलेले, तवा मारुतीदादांचा फोन आला, सर गेले म्हणून. खोटं न्हाय सांगत. आधी मनात काय आलं म्हाईत हाय? बरं झालं. उद्या जायला नको."

एवढं बोलून ती ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. मी शेजारी बसून राहिले. बाहेर वसाहतीला सुट्टी, कुठं काही आवाज नव्हता. बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं, पत्रातली एक तारीख चुकली होती ती दुरुस्त केली, आणि विचारलं, "पाठवू?" मी मान हलवली. पत्र तिनंच पाठवलं.

तुमच्या बाजूनं मला तिला काहीतरी सांगायचं होतं. की हा माणूस असा नव्हता, यानं मला एका वाक्यावर उभं केलं, यानं माझ्या वडिलांना मामा म्हटलं. पण ते ऐकून ती काय करणार होती? तिच्या वाट्याला तुमची भीतीच आली. तुम्ही तीन आठवडे उशीर केलात, सर, आणि मी तुम्हाला तो करू दिला.